कास पठारावर गुडघे न टेकता फुलं बघायची दुर्बीण

साताऱ्याच्या शाळेत मी ३४ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. तेव्हा दर सप्टेंबरात मुलांना घेऊन कासला जायचे. दहा पटीचं भिंग डोळ्याला लावायचं आणि सरळ पठारावर पालथं पडायचं, अशी आमची पद्धत. आता ते होत नाही आणि व्हायलाही नको. माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, हे एक. दुसरं म्हणजे जांभ्याच्या कातळावरच्या बोटभर मातीत ही फुलं उगवतात, आणि त्याच मातीवर आपण पालथे पडत होतो याचं आज मनापासून वाईट वाटतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशाचा मान मिळाला, गर्दी वाढली, आणि आता आखलेल्या पायवाटेवरूनच फुलं बघायची असतात. बरोबरच आहे. पण वाटेपासून दीड हातावरचं, ज्वारीच्या दाण्याएवढं फूल वाटेवरून बघायचं कसं?

पक्षी बघायची दुर्बीण घरात होती, पण तिला तीन मीटरच्या आतलं काही दिसत नाही. मग भाचीनं शोधून दिली ती ही छोटी दुर्बीण. अंगावर ६.५ × २१ असं छापलंय (साडेसहा पट मोठं दिसतं, पुढचं भिंग २१ मिलिमीटरचं), वजन ३०० ग्रॅमच्या आत, आणि मुख्य म्हणजे ५० सेंटिमीटरवरची वस्तू हिच्यात स्वच्छ दिसते. मला तेरा हजारांच्या आसपास पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही. घेताना ‘मिनिमम फोकस’, म्हणजे कमीत कमी किती अंतरावरचं स्वच्छ दिसतं, तेवढा बघा, तो ५० सेंटिमीटर किंवा त्याच्या आसपास हवा. दुकानदार किती पट मोठं दिसतं तेच सांगत राहतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

साध्या दुर्बिणीतून जवळचं बघायला गेलं की दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात आणि पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. हिच्यात चाक फिरवलं की पुढची दोन्ही भिंगं एकमेकांकडे सरकतात. पुस्तक नाकाजवळ आणल्यावर आपली बुबुळं सरकतात ना, अगदी तशी. त्यामुळे चित्र एकच राहतं आणि त्याला खोली असते. मी घडीचं स्टूल नेते, पायवाटेवरच कडेला ठेवते, मागून येणाऱ्यांना जागा सोडून बसते. बसल्यावर फूल साधारण ८० सेंटिमीटरवर येतं, म्हणजे डोळा त्याच्यापासून अर्ध्या वितीवर नेल्यासारखं दिसतं.

गेल्या सप्टेंबरात तीनदा गेले, तिन्ही वेळा आठवड्याच्या मधल्या वारी. पहिल्या खेपेला आमच्याच शाळेचा एक जुना विद्यार्थी भेटला. पठाराखालच्या गावचा आहे, हंगामात लोकांना फुलं दाखवतो. मी स्टूल उघडायला लागले तशी त्यानं लांबूनच हाक मारली, "बाई, आत नका जाऊ हां, वाटेवरनंच बघा!" इतकं बरं वाटलं ते ऐकून. एके काळी त्याला मीच त्या मातीवर पालथं झोपवलं होतं.

दुर्बीण आधी त्याच्याच हातात दिली. समोर पांढरा गेंद पसरला होता. लांबून बघणाऱ्याला तो पांढऱ्या बटणांचा सडा वाटतो. भिंगातून बघितलं की एका बटणात कितीतरी फुलं निघतात, आणि त्यांतून मोहरीहून बारीक काळे ठिपके डोकावतात. ते परागकोश. त्याच्या शेजारी सीतेची आसवं होती. जांभळ्या फुलाच्या घशापाशी पांढरं जाळं असतं, ते नुसत्या डोळ्यांना पांढरा डाग वाटतं. इथं एकेक रेघ वेगळी दिसली. त्याला किडे ओढून घेणारे फुगे असतात, पण ते ओल्या मातीत, तिथं कुठलीच दुर्बीण पोचत नाही.

त्यानंतर दवबिंदू. दोऱ्यासारखं लांब पान, त्यावर लालसर केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. एका पानाला चिलटाएवढी माशी चिकटली होती. तिचा एक पाय अजून हलत होता आणि जवळचे केस तिच्यावर वाकले होते. पावसानं धुतलेल्या या मातीत नायट्रोजन फारच कमी, म्हणून ही वनस्पती तो किड्यांतून मिळवते. हे मी फळ्यावर आकृत्या काढून कितीदा शिकवलं असेल. तो मात्र बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बाई, केसाकेसाला थेंब हाय. मी रोज ह्याच्या शेजारनं चालतो." दुर्बीण परत द्यायला त्यानं चांगली दहा मिनिटं घेतली. त्या दिवशी त्याच्या मागोमाग आलेल्या सगळ्यांनी आळीपाळीनं बघितलं, आणि वाटेबाहेर कुणीही पाऊल टाकलं नाही.

हे मोबाइलनं होत नाही. फुलाचा फोटो चांगला हवा तर मोबाइल फुलापाशी न्यावा लागतो, आणि मोबाइलमागोमाग माणूसही आत जातो. फुलपाखरांचं तर विचारूच नका. दोन फुटांवर मोबाइल धरायला गेलं की ती उडालीच. हिच्यातून दीड मीटरवर शांत उभं राहिलं तरी पंखावरची बारीक नक्षी कळते.

तिसऱ्या खेपेला परतीच्या रस्त्यालगत, कारवीच्या कडेला, खुळखुळ्याचं एक मोडून वाळलेलं झुडूप दिसलं. फूल एकही नाही, आणि त्याला ब्लू टायगर आणि कॉमन क्रो जातीची पंधरा-वीस फुलपाखरं लोंबकळत होती. या वनस्पतीतली कडू द्रव्यं शोषून नर त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. हे माहीत होतं, पण बघितलं पहिल्यांदाच. ब्लू टायगरच्या मागच्या पंखावर बारीकशी पिशवी दिसली, म्हणजे तो नर. त्यानं सोंड उलगडली, वाळक्या देठावर टेकवली, आणि सोंडेच्या टोकाशी एक ओला ठिपका चमकला. स्वतःच्याच तोंडचं पाणी सोडून त्यानं देठ ओला केला आणि मग ते पाणी द्रव्यासकट परत ओढून घेतलं. पुन्हा सोडलं, पुन्हा ओढलं. मी उभ्यानंच बघत राहिले. गुडघे दुखायला लागले, तेव्हा स्टूल उघडायचं राहूनच गेलं हे लक्षात आलं.

आता उणिवा. यात पाणी शिरतं. सप्टेंबरात कासला धुकं आणि भुरभुर असतेच, आणि दुसऱ्या खेपेला अर्ध्या तासात आतल्या भिंगावर वाफ धरली. पुसता येत नाही, कारण वाफ आतल्या बाजूला. सिलिका जेलच्या डब्यात चार दिवस ठेवल्यावर गेली, पण तो सबंध दिवस वाया गेला. एवढे पैसे घेऊन पावसाळी फुलं बघायचं साधन विकायचं आणि पावसाचा विचार करायचा नाही, हे चुकीचं आहे. दुसरं, पुढची भिंगं लहान असल्यामुळे दाट झाडीत किंवा संध्याकाळी अंधारं दिसतं. घाटाई देवीच्या राईत मला फारसा उपयोग झाला नाही. तिसरं, जवळून लांब यायला चाक खूप फिरवावं लागतं. नीलवंत, म्हणजे २०१५ मध्ये आपलं राज्य फुलपाखरू झालेला ब्लू मॉर्मन, समोरून दोनदा गेला. दोन्ही वेळा मी चाकच फिरवत होते. उडणाऱ्या फुलपाखरांसाठी आणि पक्ष्यांसाठी ही घेऊ नका. चष्मा लावूनही पुरेसं दिसतं, डोळ्यांकडची रबरी कड तेवढी आत दाबावी लागते.

हिचं ८.५ पटीचं भावंडही मिळतं. माझा हात थोडा थरथरतो, त्यामुळे जवळचं बघताना ६.५ पटच बरी. तरुण हातांना ती चालेल. बरोबर आलेला पट्टा काढून मी रुंद सुती पट्टा लावलाय, तो घामानं घसरत नाही. भर पावसात एक हात छत्रीला जातो, तेव्हा सोबत माणूस हवाच.

येत्या ऑगस्टात वायतुऱ्यासाठी जायचंय. साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात घेऊन फिरणारी ही पाणवनस्पती डबक्यात उगवते, तिचा तुरा दुभंगलेला असतो, आणि काठावरून हात पुरत नाही. सिलिका जेलच्या दोन पुड्या नव्या आणून ठेवल्यात. आमच्या गाइडला सांगून ठेवलंय की डबकी भरली की फोन कर. तो म्हणाला, "करतो बाई, पण दुर्बीण पहिली माझ्याकडं."