हॅण्ड ब्लेंडर: पावसाळाभर वापरून (आणि नानांच्या घशातली पिशवी)

वॅट, जार, ब्लेड हे सगळं खोक्यावर छापलेलं आहे. माझी तक्रार फक्त बटणाची. दाबून धरलं तरच फिरणार, बोट उचललं की बंद. सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, तिन्ही वेळचं जेवण बारीक करायचं म्हणजे अंगठ्याची वाट. त्यात श्रावणात बटण आतच अडकलं, पेजेसकट ब्लेंडर ओट्यावर नाचला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे, "खाऱ्या हवेने झालंय, वॉरंटीत बसत नाही." अहो, मालवणात विकता ना? मग हवा काय घाटावरून आणायची? शेवटी बाजारातल्या मिक्सरवाल्याने बटण उघडून साफ करून दिलं, तेही किरकोळ पैशांत. दोन स्टार.

त्याआधी पाच देणार होते. नानांना झेंकर डायव्हर्टिक्युलम आहे. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू गिळताना नीट सैल पडत नाही, दाबाने त्याच्या वरचं अस्तर मागे फुगतं आणि पिशवी होते. दुपारचा भात रात्री आडवं झालं की जसाच्या तसा तोंडात. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत पिशवी स्वच्छ दिसली. लहान असली आणि त्रास नसला तर नुसतं लक्ष ठेवतात, एवढंच नानांनी ऐकलं. "माका कापून घेवचा नाय गो." ब्लेंडरमुळे मऊ भात, कुळथाची पिठी, काटे काढलेला बांगडा घशाखाली उतरायलाही लागला.

पण वजन घटतच राहिलं, रात्री खोकला, आणि गणपतीत न्यूमोनिया. पिशवीतलं अन्न श्वासनलिकेत जात होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मऊ खाण्याने गिळणं सोपं होईल, पिशवी लहान होणार नाही, त्यावर गोळीही नाही. अशा वेळी पिशवीच्या मापापेक्षा वजन, खोकला, न्यूमोनिया यांवरून ठरवायचं. बऱ्याच जणांचं ऑपरेशन तोंडातूनच दुर्बिणीने होतं: पिशवी आणि अन्ननलिकेमधली भिंत, त्यातल्या स्नायूसकट, कापतात. मान मागे वळत नसेल किंवा तोंड पुरेसं उघडत नसेल तर बाहेरून, मानेवर कापून. अन्ननलिकेला भोक पडायचा धोका असतो, त्रास पुन्हा उद्भवूही शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. मानेवर टाके नाहीत म्हटल्यावर नाना तयार झाले. दिवाळीनंतर मुंबईला.

ऑपरेशननंतरही काही दिवस पातळच खायचंय, म्हणजे हे यंत्र लागणारच. नवीन घेणार नाही. कंपनीने बटणावर निदान रबरी टोपी तरी द्यावी. तीन स्टार करते, त्यातला एक मिक्सरवाल्याचा.