बिनटाक्याची नसबंदी: सर्व्हिस चांगली, पण एक स्टार कापला

दोन मुलं झाल्यावर गोळ्या, कॉपर-टी सगळं बायकोनेच सोसलं, पाळीच्या दिवसांत तिचे हाल मी बघितलेत, म्हणून म्हटलं आता मी करतो. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, सुई टोचताना चुरचुरलं, मग आत काहीतरी ओढल्यासारखं वाटलं आणि २० मिनिटांत बाहेर. एक बारीक छिद्र, टाका नाही. दोन दिवस बर्फाची पिशवी लावून पडून होतो बस. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं की फक्त शुक्राणूंची नळी बंद होते, हार्मोन तसेच राहतात, त्यामुळे मर्दानगी जाते वगैरे साफ खोटं आहे.

स्टार कापला कारण निघताना कुणी सांगितलंच नाही की लगेच मोकळं नाही, ३ महिने कंडोम वापरायचा आणि वीर्य तपासणीत शुक्राणू नाहीत असं आलं की मगच थांबायचं, मीच फोन करून विचारलं म्हणून कळलं. हे कागदावर लिहून द्यायलाच हवं ना! आणि नळी परत जोडता येते पण मूल होईलच याची खात्री नसते, तेव्हा दोघांचं पक्कं ठरलं असेल तरच जा. बायकांच्या ऑपरेशनला पोटात शिरावं लागतं, त्यापुढे हे खरंच किरकोळ आहे.