वीस किलोची उचल

मराठीत आगाऊ दिलेल्या पैशालाही उचल म्हणतात. मी एका माणसाला ती उचल दिली आणि त्याने मला पाण्यातली उचल विकली: विंग, म्हणजे डायव्हरच्या पाठीवरची, हवा भरली की त्याला वर उचलणारी पिशवी. लेबलवर वीस किलो. प्रत्यक्षात तेरालाही कमी. एकट्याने डायव्हिंग करायला निघालेल्यांनी हे वाचावं, कारण आपल्याला गाठायला अशा लोकांना फार कष्ट पडत नाहीत.

सोलो डायव्हिंगचं प्रशिक्षण मी नुकतंच संपवलं होतं. एसडीआय या प्रशिक्षण संस्थेचा सोलो डायव्हर कोर्स असो की पॅडी या दुसऱ्या संस्थेचा सेल्फ रिलायंट, नोंदवलेले १०० डाइव्ह झाल्याशिवाय प्रवेश नाही. म्हणजे मी नवखा नव्हतो, आणि फसायला तेही एक कारण झालं. सोबत बडी, म्हणजे जोडीदार, नाही, तेव्हा प्रत्येक जीवनावश्यक गोष्टीची जोडी हवी, हे डोक्यात पक्कं बसलेलं: हवेचा दुसरा स्वतंत्र सिलिंडर, दुसरा मास्क, दुसरी सुरी. विक्रेत्याने हेच ओळखलं. “दादा, एकटे जाताय ना? मग वजनात आणि हवेत कंजुषी करायची नाही.” वाक्य इतकं समंजस वाटलं की मी मान डोलावली.

आधी त्याने शिसं विकलं, डायव्हरला खाली नेणारं वजन. धक्क्याजवळ उथळ पाण्यात मला उतरवलं आणि म्हणाला, विंग रिकामी करा, श्वास भरून घ्या, बघू बुडता का. अंगात कोरडा पाच मिलिमीटरचा वेटसूट, त्याच्या घड्यांत हवा अडकलेली. मी पुढे झुकलेलो, त्यामुळे विंगच्या तळाशी उरलेली हवा वरच्या व्हॉल्व्हमधून बाहेरच पडेना. शिवाय नकळत पाय हलत होते. अशा माणसाला बुडवायला खूप शिसं लागतं! तो एकेक किलोचे ठोकळे चढवत गेला. सातव्या ठोकळ्याला मी खाली गेलो. मग म्हणाला, “सिलिंडरमधली हवा संपली की तुम्ही हलके व्हाल, तिचे दोन किलो वेगळे धरू.” मुद्दा खरा आहे. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ८० घनफुटांच्या सिलिंडरमध्ये अडीच किलोहून जास्त हवा असते आणि ती श्वासातून निघून जाते. पण माझ्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये तेव्हा जेमतेम ५० बार दाबाची हवा उरली होती. म्हणजे तो हलका झालेलाच होता, आणि तेच दोन किलो त्याने पुन्हा माझ्या अंगावर घातले. झाले नऊ किलो. विंग जिला बांधतात त्या पाठीवरच्या स्टीलच्या प्लेटचे पावणेतीन किलो वेगळेच.

आधी दुखणं, मग औषध. एवढं वजन म्हटल्यावर मोठी विंग आलीच. त्याने दोन ब्लॅडरची, म्हणजे आत हवेचे दोन फुगे असलेली काढली. “दोन ब्लॅडर म्हणजे दुप्पट उचल.” हे साफ खोटं आहे. दोन्ही ब्लॅडर एकाच कापडी खोळीत असतात, खोळ फुगेल तेवढीच उचल मिळते. दुसरं ब्लॅडर पहिलं फाटल्यावरच्या सोयीसाठी असतं. हे मला माहीत होतं, तरी त्या क्षणी मी गप्प बसलो. त्याने दोन्ही बाजू तोंडाने फुगवून दाखवल्या, दोनेक मिनिटं बोलत राहिला, हवा सोडून घडी घातली. आणि जाताजाता सल्ला दिला: शिसं खिशात ठेवू नका, हरवतं, सगळं सिलिंडरच्या पट्ट्यांना आणि प्लेटला पक्कं बांधा.

पहिल्या डाइव्हला मी एकटा गेलो नाही, एवढी अक्कल शाबूत होती. एका जुन्या सोबत्याला घेतलं. २४ मीटरवर वाळू. वेटसूटचं निओप्रीन, म्हणजे फेसाळ रबर, दाबाने चेपून पातळ होतं, त्याची तरंगण्याची ताकद जाते, ती विंगने भरून काढायची असते. मी हवा भरायचं बटण दाबत राहिलो. विंग गच्च झाली, जादा हवा सेफ्टी व्हॉल्व्हमधून फुरफुरायला लागली, आणि मी अजून वाळूला गुडघे टेकून. मग दुसऱ्या ब्लॅडरमध्ये हवा भरून पाहिली. उजव्या खांद्यामागून बुडबुड्यांची सरळ रांग वर निघाली. सोबत्याने मास्कमधून डोळे मोठे करून बोट दाखवलं. सोडायला एक ठोकळाही हाताशी नव्हता, सगळे पट्ट्यांत आवळलेले. पाय मारत वर निघालो. पहिले सात-आठ मीटर मांड्या पेटल्या, पुढे सूट पुन्हा फुलत गेला तसं सोपं झालं.

आणि मग उलटा त्रास. जास्तीच्या शिशापायी विंगमध्ये जास्तीची हवा भरावी लागते, आणि ती हवा वर येताना फुगते. १० मीटरवरची पाच लिटर पृष्ठभागाशी दहा होते. म्हणजे जो मला खाली बुडवत होता तोच ठोकळा वरच्या दहा मीटरमध्ये मला बुचासारखं उडवायला बघत होता. सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधी काही मीटर खाली घ्यायचा थांबा, मी दोरी धरून कसाबसा केला.

घरी आल्यावर विंग मोजली. हे कुणालाही जमतं, विकत घेण्याआधीही. एक लिटर हवा म्हणजे ढोबळमानाने एक किलो उचल. इन्फ्लेटरच्या, म्हणजे विंगमध्ये हवा भरायच्या नळीत नरसाळं धरलं आणि मापाच्या भांड्याने आत पाणी ओतत गेलो. बारा लिटर आणि वर थोडं, की खोळ टम्म. वीस किलोचं लेबल नीट पाहिलं तर बाकी सगळी शिवण काळ्या दोऱ्याची, लेबलाची तेवढी करड्या. चेन उघडून दुसरं ब्लॅडर बाहेर काढलं. कोपऱ्याजवळ सायकलच्या ट्यूबला लावतात तसं ठिगळ, कडेने सुटलेलं. रात्रभर फुगवून ठेवलं असतं तर सकाळी चपटं दिसलं असतं. मी दोन मिनिटांवर समाधान मानलं.

वजनही पुन्हा तपासलं. सूट चांगला भिजवून, सिलिंडर ५० बारवर आणून, विंग पूर्ण रिकामी करून, पाच मीटरवर पाय न हलवता थांबता येतं का ते बघायचं. प्लेट पाठीवर असताना मला लागलं फक्त चार किलो शिसं. त्यातलं दोन किलो आता पट्ट्यात आहे, एका हाताने सुटेल असं. गंमत बघा, चार किलो शिशाला ती बारा लिटरची विंग पुरली असती. खोटं लेबल आणि खोटं वजन, दोन्ही एकत्र आल्यावर मात्र तळाशी काहीच शिल्लक राहत नव्हतं.

फोन केला तेव्हा तो हसला. “पाण्याखाली कोण मोजायला जातं, दादा?” पैसे मिळाले नाहीत, पुढचा फोन उचलला गेला नाही. परवा एका ओळखीच्या मुलीने त्याच माणसाने पाठवलेला फोटो मला दाखवला, घेऊ का म्हणून. विंग वेगळी होती. लेबल वीस किलोचं, दोरा करडा.