क्लास वन मेडिकल: नाशिककरांना दिल्ली सोयीची की बंगळुरू?

व्यावसायिक वैमानिक व्हायचं तर आधी क्लास टू आणि मग क्लास वन अशा दोन वैद्यकीय तपासण्या पार कराव्या लागतात. क्लास टू हातात पडलं, फाइल नंबर आला, की घरोघरी एकच खल सुरू होतो: क्लास वनला दिल्लीच्या सुब्रतो पार्कला जायचं की बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला? दोन्हीकडे डॉक्टर हवाई दलाचे, निकष तेच. ‘अमुक ठिकाणी जरा सैल सोडतात’ या धुळ्याच्या फ्लाइंग स्कूलच्या हँगरमधल्या गप्पा सोडून द्या. मी पहिलं दिल्लीत केलं आणि पुढच्या वर्षीचं बंगळुरूला.

दिल्लीला नाशिकरोडहून थेट गाडी आहे आणि महिपालपुरात हॉटेलं मुबलक, हे मान्यच. बंगळुरूसाठी कल्याणला जाऊन उद्यान एक्सप्रेस पकडा, नाहीतर मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस. ओझरच्या विमानाची वेळ जुळली तर उत्तमच.

पण माझी दिल्लीची तारीख होती जानेवारीतली. धुक्यात गाडी मथुरेच्या अलीकडे उभी ती उभीच. उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, झोपेचं खोबरं. दंडाला पट्टा बांधला आणि बीपी चक्क वर. एरवी मला बीपी कसलं ते ठाऊक नाही. डॉक्टरांनी बाकावर बसवलं, पाणी प्यायला सांगितलं आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, तेव्हा उतरलं. नसतं उतरलं, तर ‘टेम्पररी अनफिट’चा शेरा आणि पुन्हा तोच खेटा. ईसीजी, रंगांच्या इशिहारा पाट्या, सोनोग्राफी, यातलं काहीच मला जड गेलं नाही. जड गेली ती आदली रात्र.

बंगळुरूला थंडी सौम्य, धुक्याचा असला जाच नाही. शिवाय ओझरच्या एचएएलमधलं, म्हणजे विमान कारखान्यातलं, कुणीतरी ओळखीचं तिकडे बदलून गेलेलं असतंच. माझी आदली रात्र अशाच एका काकूंच्या हातची खिचडी खाऊन गेली. बीपी पहिल्याच मोजणीत ठीक.

उन्हाळ्या-पावसाळ्यातली तारीख असेल तर दिल्लीही वाईट नाही, आणि बंगळुरूची तारीख फारच लांबची मिळत असेल तर अडून बसू नये. हिवाळ्यात मात्र मी बंगळुरूच म्हणेन, तेही कल्याणमार्गे. मनमाडला येणारी कर्नाटक एक्सप्रेस दिल्लीहूनच निघते, म्हणजे उशीर तिच्याही पाचवीला पुजलेला. आणि भाद्रपदात तारीख पडली तर आधीचे दोन-चार दिवस ढोल पथकाला सुट्टी द्या. ऑडिओमेट्रीच्या खोलीत बारीक बीप ऐकायची असते. नाशिक ढोलानंतर ती ऐकू येईलच याची खात्री नाही.