आबांची दुनळी 14 महिने सांभाळणारं दुकान

दुकान बंदुकांचं, जळगावातलं. दुनळी म्हणजे आमची दोन नळ्यांची बंदूक. नाव लिहीत नाही, कारण कौतुकासोबत तक्रारही आहे. पाचपैकी साडेतीन.

आबा, माझे वडील, वारले आणि दहाव्याच्या आतच पोलीस पाटील सांगून गेले, "बंदूक घरात ठेवू नका भाऊ." परवाना आबांच्या नावावर, तेव्हा ती पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणं भाग. एकदा निवडणुकीत ठाण्यात जमा केली होती, तेव्हा नळीत कोळ्याचं जाळं घेऊन परत आली होती. म्हणून तापी ओलांडून जळगाव.

दुकानातल्या काकांनी आधी काय केलं तर बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते पाहिलं. मग ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला. "डावी नळी खात चाललीय. शेवटचा बार कधी काढला?" मला पटकन आठवेना. बहुतेक 2003 ला, माझ्याच लग्नात. तेव्हा वरातीत बार काढला की घराणं मोठं दिसायचं. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे असा बार काढला तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बरंच झालं, आमच्या मांडवाची ताडपत्री तेव्हा थोडक्यात वाचली होती.

मग ठेवली कशाला, असं माझा मुलगाही विचारतो. केळीत रानडुकरं शिरली तर वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. आम्ही फटाके लावतो, पत्र्याचा डबा बडवतो. पण वस्ती मळ्यात. रात्री विहिरीवरची केबल कापून नेणारे येतात. "त्या मळ्यात दुनळी आहे" एवढं पंचक्रोशीला माहीत असलं की पुरे, असा आबांचा हिशेब. त्यात थोडी मिरवायची हौसही होती, खोटं कशाला बोलू.

आता तक्रार. पावतीवर बंदुकीच्या नंबरातला एक आकडा चुकला. तिन्ही बहिणींची ना-हरकत, पोलीस चौकशी, हाताळणीचं प्रमाणपत्र, सगळं जोडलेलं, आणि परवाना माझ्या नावावर करायची फाइल या एका आकड्यासाठी कलेक्टर कचेरीत दीड महिना पडून. काकांनी रजिस्टर काढून चूक मान्य केली, पण नवी पावती न्यायला परत मलाच यावं लागलं. दुसरं म्हणजे नंबराची चिठ्ठी तारेनं बांधली होती. दस्त्यावर त्या तारेचा बोटभर ओरखडा आहे. सुतळी नव्हती का?

ठेवण्याचं भाडं महिन्याला 200 रुपये, तेलपाणी त्यातच. त्याबद्दल कुरकुर नाही. डाव्या नळीतला गंज बराच निघाला, घोडेही हलके झालेत.

पावती घ्यायला गेलो त्या दिवशी एक पोरगा आला होता. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाइल. "परवाना करून देता का? किती पडतील?" काका म्हणाले, "आम्ही बंदूक विकतो. परवाना कलेक्टर देतात, आणि कारण विचारतात." पोरगा हसला. "मग उमर्टी काय लांब आहे?" उमर्टी म्हणजे आमच्या चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडचं मध्य प्रदेशातलं गाव. तिथल्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आम्ही चहासोबत वाचतो. काकांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. माझा अर्धा तारा तिथेच वाढला.

कागदांनी मी वैतागलो हे खरं. तरी त्या पोराला 8 दिवसांत परवाना मिळावा असं मला वाटत नाही, आणि त्याच्यासाठी नियम कडक ठेवायचे तर माझीही फाइल रेंगाळणारच. फक्त कचेरीत एक आकडा दुरुस्त करायला दीड महिना लागू नये.

बंदूक नेताना 5 काडतुसं घेतली, खडकीच्या कारखान्यातली. रजिस्टरात आणि परवान्यावर नोंद केल्याशिवाय काकांनी डबी पुढे सरकवली नाही. नवा परवाना 5 वर्षांचा आहे.

घरी आई दारातच उभी. "घरमा ऱ्हास तं बरं," म्हणाली, म्हणजे घरात असली की बरं. दुनळी आबांच्या खोलीत, काडतुसं दुसऱ्या कपाटात. त्याची किल्ली आईकडे, आणि ती कुठं ठेवलीय हे मलाही सांगत नाही.