चार्ल्स नदी : काठाने चालावं की कनू घ्यावी?

बॉस्टनच्या पश्चिमेला न्यूटन, वॉटरटाउन, वॉल्थम ही उपनगरं चार्ल्स नदीच्या काठावर आहेत. तुमच्याकडे एकच मोकळा दिवस असेल, तर काठाकाठाने चालायचं की कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन नदीत उतरायचं? माझं उत्तर महिना कोणता आणि सोबत कोण, यावर ठरतं.

एप्रिल-मे असेल, तर डोळे मिटून चालायला जा. वॉटरटाउन स्क्वेअरजवळच एक बुटका बंधारा आहे. त्या दिवसांत हेरिंग मासे अंडी घालायला समुद्रातून नदीत येतात आणि बंधाऱ्यापाशी अडतात. कडेला त्यांच्यासाठी पाण्याच्या पायऱ्या केल्या आहेत. खाली दगडांवर रातबगळे मान आखडून टपलेले असतात. मी तिथे ‘पाच मिनिटं’ म्हणून थांबते आणि तासभर हलत नाही.

तिथून वॉल्थमच्या मूडी स्ट्रीटपर्यंत पाच-सहा किलोमीटर होतात. वाट कुठे डांबरी, कुठे बारीक खडीची, पण जवळजवळ सपाट. आई-बाबा सोबत असतील किंवा बाबागाडी असेल, तर हीच वाट बरी. कोणी दमलं तर मध्येच रस्त्यावर येऊन बस पकडता येते, पाण्यात ती सोय नाही. शेवटी मूडी स्ट्रीटचा बंधारा आणि जुनी कापडगिरणी लागते. कापसाचं सूत आणि सुताचं कापड, दोन्ही एकाच छताखाली करणारी ही अमेरिकेतली पहिली गिरणी, १८१४ सालची. आता तिथे उद्योगांचं संग्रहालय आहे.

याच बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबून नदीचं तळं झालंय. या पट्ट्याला लेक्स डिस्ट्रिक्ट म्हणतात आणि कनूची खरी मजा इथे आहे. न्यूटनच्या ऑबर्नडेल भागात कनू, कयाक भाड्याने मिळतात. पाण्याला ओढ नसल्यातच जमा, त्यामुळे जिथून निघालात तिथेच परत येता येतं. अडवतो तो वारा. म्हणून सकाळी लवकर निघा आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे परतताना दमलेल्या हातांना तो मदत करेल. हायवे जवळच आहे, त्याची घरघर ऐकू येते. पण एखाद्या खाडीसारख्या कोपऱ्यात वळलात की ओंडक्यावर ओळीने बसलेली कासवं दिसतात. ती काठावरून सहसा दिसत नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, सोबत धडधाकट माणसं असतील, तर मी कनूच निवडते.

उन्हाळ्यात पाण्यावर तिकोनी पानांची दाट चटई दिसेल. तो शिंगाडा! १८७० च्या दशकात तो बॉस्टनशेजारच्या केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात आणला गेला आणि आता नदीला गुदमरवतोय. दर उन्हाळ्यात स्वयंसेवक कनूतून जाऊन तो हाताने उपटतात. त्याच्या फळाला चार टोकदार काटे असतात, तेव्हा काठाशी अनवाणी उतरू नका.

कनू घेतलीत तर दोन गोष्टी पाळा. मूडी स्ट्रीटच्या बंधाऱ्याजवळ बिलकूल जाऊ नका. आणि लाइफ जॅकेट घाला. बारा वर्षांखालच्या मुलांना ते कायम बंधनकारक आहे, आणि १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात कनू-कयाकमधल्या प्रत्येकाला. ऑक्टोबरमध्ये रंगलेली झाडं पाहायला निघालात, तर ऊन कितीही उबदार वाटो, पाणी गार असतं.