मृत्युपत्र, नॉमिनी आणि एक जाडजूड फाईल : गोव्यातून वापरानंतरचा अनुभव

मृत्युपत्राचं खरं परीक्षण लिहायचं तर लिहिणारा हयात नसायला हवा. तेवढा भाग सोडून बाकी सगळ्याबद्दल लिहितो. आम्ही फोंडा तालुक्यातले. घर, मागे सुपारी-नारळाचं लहानसं कुळागर, पुण्यात एक फ्लॅट, थोड्या ठेवी, थोडे शेअर. 'मागे राहणाऱ्यांची सोय' म्हणून जे जे केलं ते काही महिन्यांपासून वापरात आहे : विल बनवणारं एक ॲप, स्पेशल नोटरीसमोरचं सार्वजनिक मृत्युपत्र, बँकांतले नॉमिनी आणि कागदांची फाईल.

आधी ॲप. नाव घेत नाही, कारण गोवा सोडून इतरांना ते कदाचित उपयोगी पडेल. दिसायला देखणं, प्रश्न सोपे, चहा संपेपर्यंत मसुदा तयार. पहिलंच वाक्य : 'माझी सर्व मालमत्ता मी माझ्या पत्नीस देत आहे.' गोवेकराने असं लिहून चालत नाही, आणि हे ॲपला ठाऊकच नाही. कोणत्या राज्यातले, हे ते विचारतं. उत्तर काहीही द्या, मसुदा तोच.

आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. वारशाचा भाग आता राज्याच्या २०१२ च्या वारसा, स्पेशल नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आहे. तो २०१६ पासून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. वडिलोपार्जित आलेलीसुद्धा. म्हणजे आजोबांच्या कुळागरातला जो वाटा पप्पांचा, त्यात आईचा अर्धा आजच आहे, पप्पा जायची वाट बघावी लागत नाही. आता हिशेब. समजा माझं आणि बायकोचं मिळून ८० लाखांचं आहे. त्यातले ४० तिचे. माझ्या ४० पैकी २० मुलांसाठी राखीव, त्याला वकील 'लेजिटिम' म्हणतात. मुलगा-मुलगी सारखेच, आणि कायद्यात दिलेल्या मोजक्या कारणांशिवाय कुणाला वगळता येत नाही. उरलेल्या २० लाखांपुरती माझी मर्जी. 'मी मालक, मी ठरवीन' म्हणणाऱ्या आमच्या वाड्यावरच्या दोघा-तिघांना हा हिशेब सांगितला, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मला विचाराल तर कायदा उत्तम आहे. लेकीला साडीचोळीवर वाटेला लावायची सोय त्याने ठेवलेली नाही.

पुण्याच्या फ्लॅटचं काय, हा आमचा दुसरा प्रश्न. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोवेकराची गोव्याबाहेर देशात कुठेही मालमत्ता असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा. त्यामुळे फ्लॅटसुद्धा याच हिशेबात धरला.

स्पेशल नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारे नोटरी नव्हेत. तालुक्याचा सब-रजिस्ट्रारच हे काम बघतो. मसुदा वकिलाकडून करून घेतला होता. बायकोचं आणि माझं मृत्युपत्र वेगवेगळं. तिथे सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात. साक्षीदार म्हणून आलेला माझा मित्र आधी गमतीत होता. 'माझ्या पश्चात' ऐकल्यावर मान खाली घालून नखं बघत बसला. मग सब-रजिस्ट्रारने मला पुन्हा विचारलं, हीच तुमची इच्छा का? मूळ दस्त त्यांच्याकडे राहतो. घरातलं कपाट वाळवीने खाल्लं तरी चिंता नाही, आणि गोव्याच्या पावसात ही सोय क्षुल्लक नाही. मत बदललं तर नवीन करता येतं. या भागाला पाचपैकी पाच.

सगळ्यात जास्त वापरली गेली ती फाईल, साधी, चाप लावलेली, स्टेशनरीच्या दुकानातली. आत एक-चौदाचे उतारे (गोव्यातला सातबारा म्हणा), विक्रीखत, घरपट्टीच्या पावत्या, लग्नाचा दाखला, पॉलिसी, ठेवींची यादी. पणजोबांच्या वेळचा एक दस्त पोर्तुगीजमध्ये आहे, तपकिरी शाईत, अक्षर असं की एक ओळ संपेपर्यंत पेन उचललेलं दिसत नाही. त्याचं भाषांतर करून मूळ दस्ताच्या मागेच लावलं. आई पावसात अंगणात घसरून पडली तेव्हा मी मुंबईत होतो. बायकोने फाईल उघडली, विम्याची पॉलिसी आणि कार्ड काढलं आणि हॉस्पिटल गाठलं. फोनवर 'तो कागद कुठल्या पिशवीत?' हा आमच्या घरचा नेहमीचा संवाद झाला नाही. एकच तक्रार : चाप घट्ट आहे, एक कागद काढायला दहा हलवावे लागतात.

यादी करतानाच पप्पांच्या जुन्या ठेवींचा प्रश्न आला. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात. हक्क मात्र बुडत नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून 'उद्गम' पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून अशा ठेवी शोधता येतात. आमची एक सापडली. पोर्टल फक्त बँक दाखवतं, पैसे मागायला बँकेतच जावं लागतं. रक्कम जेमतेम एका सत्यनारायणाच्या पूजेची, पण पप्पा आठवडाभर खुशीत होते.

नॉमिनीबद्दल बँकेतल्या लोकांचाही गोंधळ असतो. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालकी वारसांची. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी देता येतात. ठेवींना टक्केवारी वाटून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एकच. आम्ही टक्केवारी मृत्युपत्राशी जुळवून घेतली, नाहीतर बँक एक सांगणार आणि दस्त दुसरं.

एक काम राहिलंय. एक-चौदावर अजून आजोबांचंच नाव आहे. पप्पा, आत्या, काका सगळ्यांची वारस म्हणून नोंद व्हायची तर आधी वारसांचा दस्त, आणि पुढे वाटणी करायची तर प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही. एकमत झालं नाही तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, तिथे वारसच आपसांत बोली लावतात, आणि मग कुळागर ज्याच्या खिशात जास्त त्याचं. तिथवर जायची कुणाचीच इच्छा नाही. आत्या आणि तिचे यजमान चतुर्थीला येतायत. पुण्याच्या काकींना गुडघ्यामुळे प्रवास जमत नाही, त्यांचं कुलमुखत्यारपत्र तिथेच करून मागवलंय. त्याचा मसुदा वकिलाकडूनच घ्या, कारण कुठल्या सर्व्हे नंबरसाठी आणि कुठल्या कामासाठी ते नेमकं लिहिलेलं नसेल तर ते परत येतं.